दीड हात उंचीचं मेज

या अंकाच्या संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "मिस्त्री, कामातले अनुभव लिहा, पण जन्मापासून सुरुवात करू नका." माझा जन्म तसाही सांगण्यासारखा नाही. मेडशीत झाला, सुताराच्या घरी झाला, म्हणून सुतार झालो. पंचेचाळीस वर्षं रंधा मारला. आता गुडघे बोलतात म्हणून दुकान पुतण्याला दिलं आहे आणि मी ओट्यावर बसून त्याच्या चुका काढतो. त्याला ते आवडत नाही. मलाही माझ्या बापाचं आवडत नसे.

हल्ली सुतार म्हटलं की लोकांना प्लायवूडचं कपाट आठवतं. आमच्या वाशीमकडे पूर्वी सुतार म्हणजे वखर, तिफण, बैलगाडी, आणि या सगळ्याचं लाकूड म्हणजे बाभूळ. सागवान शहाण्या माणसासारखं असतं, सांगाल तसं ऐकतं. बाभूळ तसं नाही. ती करवतीचे दात खाते, घाईनं वाळवली तर फाटते, आणि तिच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला किडा लागतो. म्हणून ती एक पावसाळा तळ्यात बुडवून ठेवायची, मग दोन उन्हाळे सावलीत वाळवायची आणि पांढरं तासून आतला लालसर गाभा तेवढा घ्यायचा. एवढे लाड केले की मग ती तीन पिढ्या हलत नाही. ट्रॅक्टर आले आणि बाभळीला विचारणारं कोणी उरलं नाही. मी दारं, चौरंग, देव्हारे करायला लागलो.

मापाबद्दल दोन शब्द सांगतो, कारण पुढची सगळी हकिकत मापावर आहे. दाराचं माप टेपनं घ्यायचं. पण जी वस्तू माणसाच्या अंगाला लागते तिचं माप माणसाच्या अंगावरून घ्यायचं, असं माझा बाप सांगायचा. वखराचं रुमणं, म्हणजे हातात धरायचा दांडा, हे वखरामागे चालणाऱ्याच्या उंचीवरून घ्यायचं. शेताचा मालक कोण, हे विचारायचंसुद्धा नाही. देव्हाऱ्याचा रिवाज मात्र वेगळा. तिथे ज्याच्या नावानं तो घडतो त्या घरच्या कर्त्याचा हात घ्यायचा. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. त्या मापाची काठी कापायची आणि काम संपेपर्यंत तीच वापरायची.

देवाच्या कामाची गिऱ्हाइकं फार कडक असतात. कारंज्याच्या एका जैन शेठजींनी माझ्याकडे पूजेचा चौरंग टाकला होता. फळी रंधून झाली आणि तिच्यात एक बारीक भोक निघालं. मी म्हटलं, लाख भरून देतो, दिसणार नाही. शेठजींनी फळी कानाशी धरली. दोन मिनिटं ऐकत राहिले.

"मिस्त्री, आत जीव आहे. कुरतडून राह्यला."

"मंग जाळून टाकतो फळी."

"बाप्पा! जाळता काय? त्याचं घर हाय ते."

शेवटी ती फळी मी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंबाखाली नेऊन ठेवली आणि नवीन लाकडावर पहिल्यापासून काम केलं. तेव्हा मी मनात पुष्कळ चिडलो होतो. आज वाटतं, कामाला कान लावणारं ते माझं पहिलं गिऱ्हाईक.

आता सालोमीबाईंची गोष्ट. या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीण. ठेंगणी मूर्ती, बांधा काडीसारखा, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावी त्यांचं ख्रिस्ती लोकांचं एक लहान चर्च आहे, पत्र्याच्या छपराचं. तिथे महिन्यातून एकदा प्रभुभोजन नावाचा विधी होतो. एक भाकर मोडून सगळे थोडी थोडी खातात. ती भाकर गव्हाची, बिनखमिराची, आणि कित्येक वर्षं ती सालोमीबाईच भाजत आणि स्वतः नेऊन ठेवत.

वावटळीत त्यांच्या शेतातली बाभूळ पडली, म्हणून त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, या झाडाचं मले चर्चसाठी मेज पाह्यजे. प्रभुभोजनाचं."

मी म्हटलं, "बाई, देवाच्या कामाले सागवान घ्या. बाभूळ कायले? ते वखराचं लाकूड."

त्या हसल्या आणि पिशवीतून त्यांचं पवित्र शास्त्र काढलं. तेव्हा त्यांना थोडं दिसत होतं, डोळ्यांजवळ धरून वाचता येत होतं. त्यांनी मला जे वाचून दाखवलं त्यानं मी हातातला रंधा खाली ठेवला. मला वाटायचं, धर्मग्रंथ म्हटला की उपदेश असणार. इथे तर देव चक्क गिऱ्हाइकासारखा ऑर्डर देत होता! रानातून चाललेल्या लोकांना तो सांगतो, माझ्यासाठी तंबूचं देऊळ करा. आणि मग पानंच्या पानं नुसती मापं. खांब किती, खुंट्या किती, पडद्याला बिरडी किती. भाकरी ठेवायचं मेज दोन हात लांब, एक हात रुंद, दीड हात उंच. भोवती चार बोटं रुंद पट्टी. चार कोपऱ्यांना चार कड्या, आणि मेज उचलून न्यायला त्या कड्यांत दोन दांडे. आणि लाकूड कोणतं? बाभळीचं. तिथे मराठीत बाभूळच लिहिलेलं आहे, मी बोट ठेवून दोनदा वाचलं. आमच्या धुऱ्यावरच्या काटेरी झाडाला कोणी इतका मान दिला असेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं.

पण मला खरी भुरळ पाडली ती दुसऱ्याच गोष्टीनं. ज्या कारागिरानं ते काम केलं त्याचं नाव त्या पुस्तकात आहे. नुसतं नाव नाही, बापाचं नाव आणि आज्याचंही. देवानं त्याच्यात आपला आत्मा घातला, आणि कशासाठी? भाषण करायला नव्हे. लाकूड कोरायला, धातू घडवायला. मी इतकी दारं, इतक्या चौकटी केल्या, कोणत्या दारावर माझं नाव आहे? आज्याचं तर मलाच विचार करून आठवावं लागतं.

"बाई," मी विचारलं, "देवाले एवढी मापं कायले पाह्यजेत? त्याले काय, कसंबी केलं तरी चालन."

"चालन ना. त्याले चालन," बाई म्हणाल्या. "पण आपल्या मर्जीनं केलं का आपण आपलंच ऐकून राह्यलो असतो. मापानं करतो तवा दुसऱ्याचं ऐकतो. मी वर्गात पोरायले समास आखायले लावत होती, तो काय मले पाह्यजे होता?"

मी काम घेतलं. पुस्तकात मेजाला वरून सोन्याचा पत्राही सांगितला आहे, तेवढा सोडून द्यायचा आणि कड्या पितळेच्या लावायच्या, असं ठरलं.

लाकूड तयार व्हायला दोन वर्षं गेली. तेवढ्यात काचबिंदूनं बाईंची नजर गेली. त्या पुन्हा दुकानात आल्या तेव्हा भाचीनं हात धरून एसटीतून उतरवलं. आवाज तोच होता, पण चेहरा माझ्याऐवजी पाण्याच्या माठाकडे होता. मी सरकून माठापाशी जाऊन उभा राहिलो, म्हणजे त्यांना बरं वाटेल. भाची तोंडाला पदर लावून हसली.

बाई म्हणाल्या, "मिस्त्री, आमच्या चर्चचं पंचमंडळ म्हणते आता भाकर दुसऱ्या कोनी ठेवावी. माह्या हातून सांडन म्हन्ते. तसं चूक नाई त्यायचं. पण मेजाच्या समर्पणाच्या दिवशी भाकर मीच ठेवीन, कोनाचा हात न धरता. मंग खुशाल दुसऱ्याले द्या."

मी विचारलं, "बाई, हात कोनाचा घेऊ मापाले?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. मलाही तो बरोबर वाटला. देव्हाऱ्याचा रिवाज असाच असतो, ज्याच्या नावानं घडतो त्याचा हात. मी काठी कापली. सोळा इंच भरली. भोवतीची पट्टी त्यांच्या चार बोटांची.

मेज उभं राहिलं तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. एक खिळा नाही, सगळे सांधे खाच आणि कुसवाचे. बाई आठवड्यातून एकदा यायच्या आणि सराव करायच्या. दोन्ही हातांत स्टीलचं ताट, त्यात कापडात गुंडाळलेली भाकर. बाकापासून मेजापर्यंत अकरा पावलं चालायच्या आणि अकरावं पाऊल टाकता टाकताच ताट खाली न्यायच्या. पहिल्या दिवशी ताट आदळलं. चौथ्या खेपेला ठेवल्याचा आवाजही आला नाही. त्या हात सरळ खाली सोडून उभ्या राहत, बोटांची पेरं मेजाला लागत, आणि म्हणत, "माह्याच हाताचं माप हाय मिस्त्री. माह्या हाताले कळते ते."

समर्पणाच्या आदल्या शुक्रवारी मेज टेम्पोतून चर्चमध्ये नेलं. पंचमंडळाचे सेक्रेटरी सॅम्युएलराव तिथे होते. तहसील कचेरीत नोकरी झालेली, माणूस नेटका. त्यांनी मेजाभोवती एक फेरी मारली आणि कमरेवर हात ठेवले.

"मिस्त्री, टीपॉय बनवून आनला काय?"

मी मापं सांगितली. दीड हात म्हणजे चोवीस इंच.

"हात कोनाचा पन? तुमी पाह्यले ना आमचे पाळकसाहेब? सहा फूट हायत ते! कमरेचं दुखणं हाय त्यायले. तास-तासभर या मेजामागं ते वाकून कसे उभे राह्यतीन?"

 त्यांचं बरोबर होतं. रुमण्याचं माप वखरामागे चालणाऱ्यावरून घ्यायचं, मालकावरून नाही. इतकी वर्षं मी हे दुसऱ्यांना शिकवलं आणि मेजामागे कोण उभा राहणार, हे एकदाही विचारलं नाही. देव्हाऱ्याचा रिवाज लावला आणि मोकळा झालो. पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू, घर चर्चच्या मागेच, एकदा जाऊन बघितलं असतं तरी दिसला असता असा माणूस. पण माझ्या डोळ्यांपुढे फक्त बाई होत्या.

पाळक त्या दिवशी बाहेरगावी होते. सॅम्युएलराव थोडं नरमून म्हणाले, "पायाले सहा-सहा इंचाचे ठोकळे जोडून द्या. आन् बाईले नका सांगू. त्यायच्या मनाले लागन. त्यायले कुठं दिसते आता?"

त्यांनी हे वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. त्यांना पाळकांची कमरही सांभाळायची होती आणि बाईंचं मनही. मी मात्र हो म्हणालो ते माझी चूक झाकायला. बाईंचा सराव मला आठवला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. आठवला होता. सहा इंचांचं काय, जमेल त्यांना, असं मी मनाला सांगितलं.

त्याच झाडाचे उरलेले तुकडे होते. रेषेला रेष जुळवून ठोकळे कापले, लाकडी खुंट्यांवर बसवले आणि तेल चोळलं. जोड कुठे आहे हे दिवसाउजेडी भिंग घेऊनही सापडलं नसतं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात बेमालूम सांधा तो, आणि सांगायची लाज वाटावी असाही तोच. खुंट्यांना सरस मात्र मी लावला नाही. का नाही लावला, हे तेव्हा कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

रविवारी मी मागच्या बाकावर बसलो होतो. गाणी झाली, प्रार्थना झाली. पाळकसाहेब खरोखरच उंच, पंख्याला डोकं लागेल असे. त्यांना माप-बिपाची काही कल्पना नव्हती. त्यांनी बाईंचं नाव घेतलं आणि बाई उठल्या. पांढरं लुगडं, हातात ताट, ताटात कापडात गुंडाळलेली भाकर. भाची उठायला लागली, तिला त्यांनी कोपरानं खाली बसवलं.

बाकापासून मेजापर्यंत अकरा पावलं भरतील, असंच मेज ठेवलं होतं. मी मनात मोजत होतो. नऊ, दहा. अकरावं पाऊल टाकता टाकता बाईंनी ताट खाली नेलं, माझ्या दुकानात नेत होत्या तसंच. जिथे मोकळी हवा असायला हवी होती तिथे मेजाची कड होती. ताट तिच्यावर आपटलं, तिरकं झालं, आणि भाकर कापडासकट फरशीवर पडली. ताट खणखणत बाकाखाली गेलं.

 एक-दोन म्हाताऱ्या 'अरेरे' म्हणाल्या. त्यांच्या मनात काय आलं ते कळत होतं, बिचारीला दिसत नाही, उगाच हट्ट केला. बाई तशाच उभ्या होत्या, हात पुढे धरून, रिकामे. मग सगळ्या वर्गाला ऐकू जाणारा तो आवाज इतका लहान झाला, की मला कान द्यावा लागला.

"माफ करा मले. माहा अंदाज चुकला. पंचमंडळ बराबर म्हनत होतं."

मला वाटलं, आता सॅम्युएलराव बोलतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. मी बाहेरचा माणूस, त्यांच्या देवळात पाहुणा. पण बसवेना. मी उठलो.

"बाई, तुमचा अंदाज नाई चुकला. मेज चुकलं. म्या परवा त्याले सहा इंच उचललं आन् तुमाले सांगतलं नाई."

सगळे वळले. मी तसाच पुढे गेलो आणि होतं ते सगळं सांगितलं. पाळकांच्या उंचीचं, ठोकळ्यांचं, न सांगण्याचं. सॅम्युएलरावांचं नाव मी घेतलं नाही, पण ते स्वतःच उभे राहिले. "मीच म्हटलं होतं मिस्त्रीले," ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी वाकून भाकर उचलली. कापड घट्ट गुंडाळलेलं होतं, तिला काही झालं नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "मिस्त्री, ठोकळे काढाले किती वेळ लागते?"

"मोगरी हाय पिशवीत. दहा मिनिटं."

"मंग काढा. आमी तवर गाणं म्हणतो."

मी आणि सॅम्युएलराव, दोघांनी मेज दांड्यांनी उचलून व्हरांड्यात आणलं. आत गाणं चाललं होतं आणि बाहेर मी लाकडी मोगरी मारत होतो. एक ठोकळा, दुसरा. सरस नसल्यामुळे ते सहज निघाले. सॅम्युएलरावांनी चारी ठोकळे एकावर एक रचून भिंतीशी ठेवले, जणू फायलीच.

मेज पुन्हा जागेवर गेलं. बाई बाकापाशी परत गेल्या आणि पहिल्यापासून चालत आल्या. अकराव्या पावलाला ताट टेकलं. आवाज झाला नाही.

आता प्रश्न पाळकांचा होता. ते मेजामागे गेले, एकदा वाकून बघितलं, कंबर धरली, आणि मग सरळ गुडघ्यांवर बसले. भाकर मोडायला ती उंची अगदी बरोबर होती. त्यांना खाली बसलेलं बघून समोरचे लोक बाकांवर कसे राहणार? एकेक करून सगळे फरशीवर बसले, सॅम्युएलरावही, भिंतीला धरून धरून. तेव्हापासून तिथे महिन्यातून एकदा सगळे असेच बसतात, असं ऐकतो. मी ते मापात धरलं नव्हतं. त्याचं श्रेय कोणी मला देऊ नये.

विधी संपल्यावर बाई व्हरांड्यात माझ्याजवळ आल्या. मी माफी मागितली. त्यांनी ती हातानं बाजूला सारली, वर्गात खडूची धूळ झटकत असतील तशी. मला राहवेना. एक गोष्ट मला टोचत होती.

"बाई, तुमचा इतका सराव होता. ताट कडेले लागलं तवा तुमाले मेजाचा संशय कसा नाई आला? लगेच आपलीच चूक कशी म्हटली तुमी?"

त्या थोड्या चकित झाल्या, जणू मी शाळेतलं सोपं गणित विचारलं होतं.

"कारण मेज तुमी केलं होतं ना, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "मंग चूक माहीच असन, असं वाटलं मले."